देवाकडे तोंड करून

"बुवा, ही गाडी नव्हे, होमकुंड आहे तुमचं," बॉनेटखालून डोकं वर न काढता उस्मानभाई म्हणाले. "समिधा तेवढ्या टाकायच्या राहिल्यात."

एरवी अप्पा या बोलण्यावर खळखळून हसले असते आणि पुढच्या कीर्तनात तेच वाक्य सांगून लोकांनाही हसवलं असतं. त्या दुपारी ते हसले नाहीत. ते गाडीच्या मागे उभे होते आणि सायलेन्सरमधून निघणारा निळा धूर त्यांच्या धोतराभोवती घोटाळत होता. ओल्या लाकडांच्या चुलीसारखा धूर, पण वास करपलेल्या तेलाचा. घशाला चिकटून बसणारा.

"उस्मान, थट्टा नंतर. उद्या हिला न्यायची आहे."

ही म्हणजे माझी आई. ओटीवर आरामखुर्चीत बसली होती. बसली होती म्हणजे चारी बाजूंनी उशा लावून आम्ही तिला बसवली होती. आडवं केलं की तिला श्वास पुरत नसे. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि आठवड्यातून दोनदा तिला शहराच्या इस्पितळात नेऊन मशीनवर रक्त धुऊन आणावं लागे. मागची फेरी हुकली होती. सड्याच्या, त्या खडकाळ माळाच्या, चढावर गाडीनं धूर ओकत मान टाकली, प्लग तेलानं भिजून गेले, आणि अर्ध्या वाटेतून आम्ही एका बैलगाडीच्या आधारानं परत आलो होतो. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "एक वेळ जेवण चुकवा, मशीन चुकवू नका." एक चुकलं होतं. दुसरं चुकलं तर काय, हे आम्ही कोणी कोणाला विचारत नव्हतो.

दुसरी गाडी मिळेना. वैशाख होता, आंब्याचे दिवस. आमच्या तळसुऱ्यातल्या दोन्ही जीप आणि एकुलता एक टेम्पो पहाटेच पेट्या भरून बाहेर पडत ते रात्रीच परतत. एस.टी.नं एकदा नेलं होतं, तर आई खाडीच्या वळणावर कंडक्टरच्या अंगावर कोसळली. आरोग्य केंद्राची गाडी बाळंतिणींनाच पुरत नव्हती. राहता राहिली आमची ही पांढरी म्हातारी. एका यजमानांनी चातुर्मासाची कीर्तनं संपल्यावर अप्पांना बिदागी म्हणून दिलेली. अप्पांना चालवता येईना म्हणून मी शिकले. गावात गाडी चालवणारी मी पहिली बाई. अप्पांना कीर्तनाला घेऊन गावोगाव हिंडले, आणि आता आईला घेऊन हिंडत होते.

उस्मानभाई शेवटी वर आले. तालुक्याला त्यांचं गॅरेज होतं, पण अप्पांनी निरोप धाडला की मोटारसायकलवर हत्यारं बांधून धावत यायचे. अप्पांचं कीर्तन मांडवाच्या खांबाला टेकून, उभ्यानं, शेवटपर्यंत ऐकणारा माणूस.

"रेवूताई, चढावर धूर येतो का उतारावर?"

"दोन्हीकडे."

"असं नाही चालायचं. नीट आठवा. चढावर गाडीला जोर लागतो तेव्हा आला, तर रिंगा गेल्या. उतारावर पाय काढून परत दाबला आणि भस्सकन आला, तर वॉल्व्हची सीलं गेली. दोन्हीतलं एक सांगा."

"दोन्हीकडे हो, उस्मानभाई. सपाटीलाही येतो."

त्यांनी प्लग काढले. तेलानं काळेशार, ओले. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून मला म्हणाले, "मारा सेल." मी किल्ली फिरवली. दाबानं त्यांचा अंगठा उडाला. चारही भोकांवर चार वेळा उडाला. ते अंगठ्याकडे पाहत राहिले.

"दाब तर तरण्या गाडीचा आहे," ते पुटपुटले. "मग ही तेल पिते कुठून?"

तेलाची काडी त्यांनी स्वतः ओढून पाहिली. पुसली, परत घातली, परत ओढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली.

"सकाळीच घातलं होतं मी," अप्पा म्हणाले. "रोज घालतो."

हे खरं होतं. तेल घालणं हा अप्पांचा नेमच होता. स्नान झालं की देवाच्या समईत तेल, आणि त्याच सोवळ्यानं बाहेर येऊन गाडीच्या काडीला धुतलेल्या पंच्याचा तुकडा. पुसल्याशिवाय बघायचं नाही, बघितल्याशिवाय ओतायचं नाही. मला त्यांनी हेच शिकवलं होतं. काडी जेवढं मागेल तेवढं ते ओतत, आणि ती रोज मागत असे.

"बुवा, ही खाली विहिरीपाशी सपाटीला घेऊ या का? इथं अंगणाच्या चढावर मला खाली शिरता येत नाही. जरा निवांत बघतो."

"तोंड हलवायचं नाही," अप्पा म्हणाले.

उस्मानभाईंनी मान डोलावली. त्यांना ठाऊक होतं. आईच्या आजाराचं निदान झालं त्या संध्याकाळी अप्पांनी नेम धरला होता. आमच्या अंगणासमोरच टेकडी चढत जाते आणि वर नृसिंहाचं देऊळ आहे. अंगणही त्याच टेकडीचा पायथा, वर चढत गेलेलं. तोवर गाडी खाली विहिरीपाशी उभी राहायची. त्या दिवसापासून ती अंगणात, कळसाकडे तोंड करून उभी राहू लागली. हिला नेणारी-आणणारी जी गाडी, तिनं देवाकडे पाठ करायची नाही. निघतानासुद्धा मी गाडी उलटी, मागे मागे घेत विहिरीच्या वळणापर्यंत न्यायची आणि मगच वळवायची. गाभाऱ्यातून निघताना माणूस देवाकडे तोंड ठेवून पावलं मागे टाकतो, तशी.

आईला पहिल्यांदा गाडीत बसवलं तेव्हा हातातल्या फुलपात्राकडे बघून ती म्हणाली होती, "बघ गो रेवू, ह्या चढावर पाणीसुद्धा ढ पोरासारखं मागच्या बाकावर जाऊन बसतं." दिवसाला मोजकं पाणी मिळायचं तिला. त्यामुळे पाण्याकडे ती फार निरखून बघायची.

उस्मानभाईंनी हात पुसले. "दाब आहे, तरी धूर आहे. तेल नाही, तरी तेल जळतंय. हेड खोलल्याशिवाय हिच्या पोटातलं कळायचं नाही मला. खोललं की आठ-दहा दिवस."

"आणि नाही खोललं तर?" मी विचारलं.

त्यांनी ओटीकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "तर तेलाची डबडी सोबत ठेवा आणि वाट्टेल ते होऊ दे, थांबू नका. थांबलात की प्लग भिजतात. पाना ठेवून जातो."

ओटीवरून आईचा आवाज आला. दोन-दोन शब्दांनी, मध्ये श्वास घेत. "उस्मान, खुसपुसू नकोस. मला कान आहेत अजून. चहा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी नृसिंहजयंती होती. संध्याकाळी जन्माचं कीर्तन. अप्पांनी तरुणपणापासून ते कधी चुकवलं नव्हतं, आणि त्या कीर्तनात आईची झांज कधी चुकली नव्हती. सकाळी अप्पा गाडीचं मागचं दार उघडून स्वतःच आत बसायला लागले.

"कुठं निघालात?" आईनं विचारलं.

"तुझ्याबरोबर."

"आणि प्रल्हादाला काय सांगायचं? बुवांना वेळ नाही, तू खांबाला मिठी मारून बसून राहा म्हणून?"

"नृसिंहाला कळतं सगळं."

"कळतं ना? मग उभे राहा आज. माझ्यासाठी नेम धरलात आणि माझ्याचसाठी मोडायचा?" तिला धाप लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "रेवू आहे. जा."

अप्पांनी देवाचा बुक्का तिच्या कपाळाला लावला, मग गाडीच्या बॉनेटला लावला. काडी पुसली, पाहिली, आणि अख्खं डबडं ओतलं. दुसरं माझ्या सीटखाली ठेवलं. "खाडी ओलांडताना बोटीवर गाडी बंद असेल तेव्हा बघून घाल," म्हणाले. मी गाडी मागे घ्यायला लागले, तेव्हा त्या निळ्या धुरात ते हात जोडून उभे होते. आम्हाला जोडले होते की देवळाला, ते कळलं नाही. धुरात ते लगेच दिसेनासे झाले.

आई मागे दाराला टेकून बसली होती. तिचा उजवा हात दाराच्या काचेवर होता आणि दोन बोटांच्या नखांनी ती ताल धरत होती. झांजेचा साधा ठेका. टिक, टिक, टिक-टिक. बोलायला श्वास वाया घालवायचा नाही असं आमचं ठरलं होतं. तो ठेका ऐकू येत होता तोवर आई होती. मी कान मागे आणि डोळे पुढे ठेवून गाडी हाकत होते.

सड्याचा चढ लागला आणि म्हातारीनं धूर ओकायला सुरुवात केली. आरशात मागचा रस्ता नव्हताच, नुसता निळा पडदा. वारा मागून होता, धूर काचेतून आत यायला लागला. काचा लावाव्यात तर आईचा जीव गुदमरत होता, उघडाव्यात तर धूर. गाडी खोकायला लागली. एका सिलेंडरनं हात वर केले असावेत. मी पायानं दाबत राहिले. मनात जप नव्हता, स्तोत्र नव्हतं. नुसतं "चल, चल गो, चल" एवढंच.

आणि ठेका थांबला.

"आई!" मी ओरडले. "आई!"

मागून श्वास ओढल्याचा आवाज आला. मग, "ओरडतेस काय... समेवर येऊ दे की."

टिक. टिक. टिक-टिक. मला रडू आलं ते मी गिळलं. डोळ्यांत पाणी आलं असतं तर रस्ता दिसला नसता.

वेळण्याच्या खाडीवर पोचलो तेव्हा बोटीच्या उतारावर गाडीनं शेवटचा आचका दिला आणि ती बंद पडली. मी सेल मारला, नुसती घरघर. मागं-पुढं कुणी नव्हतं, एक फेरीबोट तेवढी सुटायच्या बेतात होती. बाबल तांडेल हात हलवत धावत आला. ती फेरीबोट तोच चालवायचा. बुटका, काळा, कानात भिकबाळी.

"बाय, आग लागलीय तुझ्या गाडीला!"

"आग नाही हो, तेल जळतंय. बोटीवर घ्या आम्हाला. आईला इस्पितळात न्यायचं आहे."

त्यानं आत डोकावून आईकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. बोटीवरच्या चार माणसांना हाक मारली, आणि त्यांनी गाडी ढकलत, फळ्यांवरून धडधडत बोटीत चढवली. बोट सुटली.

मी बॉनेट उघडलं. वाफ, वास, तेलाचे ओघळ. सीटखालचं डबडं काढलं. सरळ ओतूनच टाकणार होते, पण सवय आड आली. पुसल्याशिवाय बघायचं नाही, बघितल्याशिवाय ओतायचं नाही. गाडी बंद होऊन तेल खाली बसायला वेळ मिळाला होता. मी काडी ओढली, पदरानं पुसली, घातली, ओढली.

काडी कोरडी असेल असं मी धरून चालले होते. ती वरच्या खुणेच्या वर, चांगली चार बोटं तेलानं माखलेली होती.

मला वाटलं चुकलं. परत पुसली. परत तेच. पुन्हा पुसली. पुन्हा तेच. सकाळी अंगणात कोरडी होती म्हणून अप्पांनी डबडं ओतलं होतं. एक डबडं घातल्यावर एवढं तेल कुठून आलं? सड्यावर एवढा धूर होऊन जळालं ते कुणाचं?

"काय गो?" आतून आई म्हणाली.

"काही नाही. तू बोलू नकोस."

तिच्या हातात फुलपात्र होतं. ओठ ओले करायला आणलेलं. ती त्यात बघत होती. तिच्या चेहऱ्यावर अगदी पुसट हसू आलं.

"आज पाणी..." ती थांबली. श्वास घेतला. "आज पाणी मधल्या बाकावर बसलंय."

मी फुलपात्राकडे पाहिलं. खाडी संथ होती, बोट पाटासारखी सपाट. पाणी काठाला चारी बाजूंनी सारखं होतं. मग माझ्या डोळ्यांसमोर आमचं अंगण आलं, वर चढत गेलेलं, आणि नाक वर करून कळसाकडे बघत उभी असलेली गाडी. काडी इंजिनाच्या पुढच्या अंगाला. तेल सगळं मागच्या बाकावर. रोज सकाळी काडी म्हणायची, नाही. रोज अप्पा ओतायचे. तुडुंब भरलेलं पोट घेऊन ही म्हातारी चढ चढत होती, आणि पोटात न मावलेलं तेल मिळेल त्या वाटेनं वर जाऊन जळत होतं. चढावर, उतारावर, सपाटीला. रिंगा गेल्या नव्हत्या. सीलं गेली नव्हती. उस्मानभाईंचा अंगठा चार वेळा तेच सांगत होता.

आणि धूर कधीपासून सुरू झाला, तेही मला त्याच वेळी आठवलं.

"तांडेल!" मी ओरडले. "पत्र्याचा डबा आहे का रिकामा?"

"कशाला?"

"तेल काढायचंय."

"घालायचंय ना?"

"काढायचंय!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, ऊन लागलेल्या माणसाकडे बघतात तसं. "तेल सरलं म्हणून गाड्या मेलेल्या बघितल्या. पोट फुटून मरणारी ही पहिलीच." पण त्यानं डबा आणला. उस्मानभाईंचा पाना घेऊन मी गाडीखाली शिरायला लागले तर मला बाजूला सारून म्हणाला, "लुगडं खराब करू नको, बाय. बूच कुठं ते सांग."

"मला माहीत आहे, मीच जाते."

गेले. पाठीखाली लोखंडी फळ्या तापल्या होत्या. बूच अंगाला चिकटून बसलेलं, हलेना. मी पान्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. सैल झालं, आणि कढत तेलाची धार मनगटावरून कोपरापर्यंत आली. ओरडले असेन, पण हात काढला नाही. बूच पूर्ण निघालं असतं तर सगळंच गेलं असतं. अर्धं सैल करून, धार धरून, डबा भरत आला तसं परत आवळलं. तांडेलानं वर काडी ओढली. "खुणांच्या मध्ये आलं, बाय!" तो ओरडला. मग मी प्लग काढले, चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून पुसले, लावले. तेवढ्यात पलीकडचा काठ आला.

सेल मारला. घरघर. परत. घरघर.

बोटीवरच्या त्याच माणसांनी गाडी ढकलली. धक्क्यावर, मग धक्क्यापासून रस्त्यावर. "आता! सोड!" तांडेल ओरडला. मी क्लच सोडला. म्हातारी अडखळली, शिंकली, आणि चालू झाली. मागे एवढा निळा लोट उठला की ढकलणारी माणसं त्यात बुडून गेली. मग वाटलं, नळीत साठलेलं तेल आहे, ते जळू दे. मी थांबले नाही. माणसांना धन्यवादही दिले नाहीत.

पहिल्या वळणावर धूर होता. पुढच्या वाडीपाशी होता, पण विरळ. मग आरशात झाडं दिसायला लागली. मग रस्ता. आरशात स्वच्छ रस्ता बघून मी मोठ्यानं म्हटलं, "आई, धूर गेला!"

मागून उत्तर आलं नाही. ठेकाही नव्हता.

या वेळी हाक मारल्यावरही आला नाही.

उरलेला रस्ता मला आठवत नाही. एवढंच आठवतं की दाराच्या काचेवर मी स्वतः नखांनी ठेका धरला होता. एक हात चाकावर, एक काचेवर. कीर्तनात बुवांचा आवाज बसला की मागच्यांनी ताल सोडायचा नसतो, हे तिनंच मला शिकवलं होतं. इस्पितळाच्या दारात दोन नर्स धावत आल्या, आईला चाकाच्या खुर्चीवर घातलं, आणि दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले. कोपरापर्यंत तेल, मनगटावर फोड, पदर काळा. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापासून सरकून बसले.

संध्याकाळ व्हायला आली होती. तळसुऱ्यात अप्पा देवळात उभे राहिले असतील. पूर्वरंग संपवून प्रल्हादाला आणलं असेल. झांजेवर कोण असेल, हा एकच विचार मी कितीतरी वेळ करत बसले. दुसरा करवत नव्हता.

नर्सनं हाक मारली. आई डोळे उघडून पडली होती. नळ्या, मशीनची घरघर, आणि पांढऱ्या चादरीवर तिचा हात. तिनं माझा भाजलेला हात बघितला.

"हे काय?"

मी सांगितलं. सगळं. पाणी मधल्या बाकावर बसल्यापासून. धूर कधी सुरू झाला तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. डोळे मिटून घेतले, मला वाटलं झोपली.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली.

"सांगायला नको कसं? परत तेच होईल."

"होणार नाही असं कर. पण सांगू नकोस." श्वास घेऊन घेऊन ती बोलत होती, पण आता श्वास तिचा होता. "नेम माझ्यासाठी धरलाय त्यांनी. त्याच नेमानं मी चालले होते हे कळलं तर देवासमोर उभे कसे राहतील गो ते? माणसाला आयुष्यभर उभं राहायचं असतं तिथं."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. धूर नव्हता. अप्पा विहिरीच्या वळणावर येऊन उभे होते, रात्रभर झोपले नसावेत. गाडीमागची मोकळी हवा बघून त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "धावला," म्हणाले. "खांब फोडून आला."

"आला हो," आई म्हणाली. "झांजेवर कोण होतं?"

"कोणी नव्हतं. तुझी जागा मोकळी ठेवली."

त्या दुपारी अप्पा निजले असताना मी शेजारच्या बांधावरचे दोन जांभ्याचे चिरे ओढत आणले. पाठ करवतीनं कापल्यासारखी दुखत होती. मागच्या चाकांखाली चिरे येतील अशी गाडी वर घेतली. फुलपात्र पाण्यानं भरून बॉनेटवर ठेवलं आणि चिऱ्यांखाली माती घालत, काढत राहिले, पाणी चारी काठांना सारखं होईतो. तोंड देवाकडेच होतं, फक्त गाडी आता सपाट उभी होती.

अप्पा उठून बाहेर आले. "हे चिरे कसले?"

"मीच सांगितलं," आई ओटीवरून म्हणाली. "चढावर गाडीत बसताना मी मागे कलंडते. कंबर धरते माझी."

"मग आधी नाही का सांगायचं?" अप्पा कळवळून म्हणाले.

दुसऱ्या सकाळी स्नान करून ते बाहेर आले. मी पडवीतून बघत होते. काडी ओढली, पुसली, घातली, ओढली. बघत राहिले. परत पुसली. परत बघितली. एका हातात काडी, एका हातात तेलाचं डबडं. मग त्यांनी मान वर करून कळसाकडे पाहिलं, मान खाली करून चिऱ्यांकडे पाहिलं. बराच वेळ. डबड्याचं झाकण त्यांनी हळूच लावलं.

"आज नको म्हणतेय," आत येताना ते म्हणाले, आणि पूजेला बसले.

त्यानंतर आईनं आणखी तीन नृसिंहजयंत्या पाहिल्या. दोन वेळा तर तिनं बसून झांज धरली. गाडीनं तिची एकही फेरी चुकू दिली नाही. नेम मोडला नाही, तोंड हललं नाही. फक्त अप्पांच्या सकाळच्या क्रमात एक गोष्ट वाढली. काडी ओढण्याआधी ते मागे जात, वाकत, आणि दोन्ही चिऱ्यांना हात लावून तो हात कपाळाला नेत. उंबरठ्याला लावावा तसा.

मी वर्षभर बघत होते. एकदा न राहवून विचारलं. आई आत होती, तिचं काहीतरी पुटपुटणं ऐकू येत होतं.

"अप्पा, चिऱ्यांना नमस्कार कसला हो?"

त्यांनी हात कपाळावरून खाली घेतला. घराच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग माझ्या मनगटावरच्या डागाकडे.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले.